एकाच बीमचं कापड

उपरण्यांची ऑर्डर आली की आमच्या शेडमध्ये
टॉवेलचे दोन माग थांबवतात.
सूत तेच. फणी तीच. बीमसुद्धा तोच.
फरक पडतो तो मागच्या अंगणातल्या पिंपात,
सोमवारी एक रंग, बुधवारी दुसरा,
आणि नाल्याला विचाराल तर
गुरुवारपर्यंत सगळ्यांचा मिळून एकच,
शेणाच्या पाण्यासारखा.

हे मी बावीस वर्षं डोळ्यांनी बघितलं.
तरी संध्याकाळी हातावरचं तेल धुऊन
त्यातलंच एक गळ्यात घालून निघायचो
कन्ना चौकात, सतरंज्या अंथरायला.

साहेबांनी पहिल्यांदा पक्ष बदलला तेव्हा
मी दोन दिवस जेवलो नाही.
दुसऱ्यांदा बदलला तेव्हा जेवलो.
तिसऱ्यांदा, रात्री अकराला त्यांचाच फोन :
अंबादास, जुना बोर्ड फाड, फ्रेम ठेव,
फ्रेम कामाला येते.
मी शिडीवर होतो.
खाली उतरलो तो पुन्हा चढलोच नाही.

ट्रंकेतल्या उपरण्यांची रुक्मव्वाने फडकी केली.
एकात भाकरी, बाकीच्यांत विडीची भिजवलेली पानं.
"ओल चांगली धरतं की," म्हणाली.
पक्षाबद्दल तिने काढलेला
बावीस वर्षांतला हा एकच बरा शब्द.

नळ सुटतो पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
घागरींच्या रांगेतच बायकांचं ठरलं होतं :
कारखाना पान कमी तोलतो,
वर छाट म्हणून मूठभर विड्या काढून घेतो
आणि त्याच विकतो.
बसू या, रविवारी, चिट्यालांच्या गच्चीवर.
मला बोलावलं कारण मला फलक रंगवता येतो.
फलक कुणाला नकोच होता.

वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू.
कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, लोकशाही समाजवाद.
नरसम्माने सूप खाली ठेवलं. म्हणजे काय रे?
तो पुस्तकातलं सांगत गेला, घामाघूम झाला.
"म्हणजे तराजू आपला," ती म्हणाली,
"आणि तो धरणारा माणूस दरसाल बदलायचा.
एवढंच ना?"
पोराने ते लिहून घेतलं.

मी म्हणालो, कर्ज काढू, माग घेऊ,
आपला टॉवेल, आपली सोसायटी!
एवढ्या सभा बघितलेला माणूस, आवाज चढलाच.
मतं पानावर घेतली. सरळ पान होय, दुमडलेलं नको.
सुपात टाकायची, सगळ्यांसमोर मोजायची, दोनदा.
होय अकरा. नको सव्वीस.
आधी तराजू, मागाचं दिवाळीनंतर.
रुक्मव्वाचं पान दुमडलेलं. लपवलंही नाही तिने.
"वद्दु," म्हणाली. "आत्ता नको."

येताना गिरणीची बंद चिमणी दिसली
आणि आजोबा आठवले. सांगायचे,
तीस साली तीन-चार दिवस
या गावाने आपला कारभार आपण केला,
मग लष्करी कायदा आला.
फासावर गेलेल्या चौघांचे पुतळे आहेत चौकात.
मी लहान होतो, विचारायचो,
पण आजोबा, त्या रात्री कंदील कुणी लावले?
झाडू कुणी मारला?
त्यांना ते माहीत नव्हतं.

बावीस वर्षं आम्ही जिंकत होतो.
गुलाल कानातून निघायला आठ दिवस लागायचे,
पण कितीने जिंकलो ते पेपरातून कळायचं.
हरलो ते पहिल्यांदाच,
आणि आकडा तोंडपाठ आहे. अकरा.

मंगळवार पेठेतून जुना तराजू आणला मीच.
गच्चीवर वजनं तपासली.
अर्ध्या किलोचं वीस ग्रॅम कमी भरलं. आपलंच.
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग वहीत लिहिलं,
दोन्ही बाजूंना.